जहाजावरच्या बंद जागेत उतरताना: मॅनहोल उघडण्यापासून परमिट बंद करेपर्यंत

‘व्हायकिंग आयला’ हे उत्तर समुद्रातल्या गॅस प्लॅटफॉर्मांच्या आसपास उभं राहणारं जहाज. प्लॅटफॉर्मवर काही विपरीत घडलं तर माणसं वाचवायची, याच कामासाठी ठेवलेलं. 23 सप्टेंबर 2007 रोजी त्याच्या चेन लॉकरमध्ये, म्हणजे नांगराची साखळी ठेवायच्या कप्प्यात, ती साखळी आदळून आवाज करत होती, म्हणून ती बांधून टाकायला दोन खलाशी गेले. पहिला आत उतरला आणि कोसळला. दुसऱ्याने मदतीला बोलावलं आणि मग तोही आत गेला. तिसरा श्वसनसंच घेऊन आला, पण संचासकट त्याला त्या तोंडातून शिरता येईना. मग त्याने ईईबीडी, म्हणजे धुरातून पळून जाण्यासाठी असतो तो छोटा हुडवाला संच, डोक्यावर चढवला आणि तोही उतरला. तिघेही मेले. लॉकरमध्ये विषारी असं काही सांडलेलं नव्हतं. लोखंड गंजत होतं आणि गंजताना बंद हवेतला ऑक्सिजन संपवत होतं.

ही माणसं अडाणी नव्हती. बंद जागेचा धोका कोकणातून, गोव्यातून बोटीवर जाणाऱ्या प्रत्येक पोराला पहिल्या प्रशिक्षणातच सांगतात, आणि परीक्षेत तो प्रश्न सगळ्यांना येतो. तरीही माणसांचे जीव जातात. माझ्या मते या कामात सगळ्यात मोठी जबाबदारी मॅनहोलच्या, म्हणजे आत उतरायच्या भोकाच्या, तोंडाशी उभ्या राहणाऱ्याची असते, आणि नेमक्या त्याच जागी आपण जहाजावरचा सगळ्यात नवखा मुलगा उभा करतो. खाली जे टप्पे दिले आहेत ते याच नजरेने वाचा.

बंद जागा कोणती म्हणायची

बॅलास्ट टँक (जहाज स्थिर ठेवायला पाणी भरायची टाकी), डबल बॉटम (तळाच्या दोन थरांमधली जागा), कॉफरडॅम (दोन टाक्यांमधला रिकामा कप्पा), व्हॉइड स्पेस (रिकामी बंद पोकळी), चेन लॉकर, कार्गो टँक, होल्ड (माल भरायचं कोठार), पंपरूम, इंधनाच्या टाक्या, बॉयलर, इंजिनाचा क्रँककेस, सांडपाण्याची टाकी ही यादी बहुतेकांना पाठ असते. माणसं फसतात ती यादीबाहेरच्या जागांत. डेकवरचं साधं स्टोअर, जिथे रोज दोरखंड आणि रंगाचे डबे ठेवतो, ते होल्डला लागून असेल आणि मधल्या भिंतीतून, पाइपच्या भोकातून हवा ये-जा करत असेल, तर होल्डमधला माल त्या स्टोअरचीही हवा बिघडवतो. होल्डमध्ये उतरायच्या शिडीचा बंदिस्त मार्ग तर होल्डचाच भाग समजावा.

2014 च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या गूल बंदरात ‘सुंटिस’ या जहाजावर अशाच मार्गात तीन खलाशी मेले. माल होता कापीव लाकूड. नंतर मोजलं तेव्हा डेकच्या पातळीवर ऑक्सिजन नेहमीचा होता, झाकणाच्या लगेच खाली 10 टक्के, आणि शिडीच्या तळाशी 5 ते 6 टक्के. वरून वाकून श्वास घेणाऱ्याला काहीच जाणवलं नसतं.

म्हणून व्याख्या सोपी ठेवा. आत-बाहेर करायला अडचणीची, वारा खेळत नाही अशी आणि सतत माणसांचा वावर नसलेली कोणतीही जागा बंद जागा समजा. शंका आली तर ती बंदच.

हवा कशामुळे बिघडते

एक कारण गंज. बॅलास्ट टँक रिकामा करून झाकण महिनोन् महिने बंद राहिलं की पुरे. दुसरं कारण माल. लाकडाचे ओंडके, वुड पेलेट, कोळसा, भंगार लोखंड, लोखंडी कातण, खोबरं, पेंड, काही खनिजं, हे सगळे ऑक्सिजन ओढून घेतात. वुड पेलेटमधून वर कार्बन मोनॉक्साइडही सुटतो. धान्याला कीड लागू नये म्हणून धुरी दिलेली असेल तर फॉस्फिन हा विषारी वायू असतो. तेलाच्या टाकीत हायड्रोकार्बनची वाफ, तळाच्या गाळात हायड्रोजन सल्फाइड. गाळ शांत असेपर्यंत वायू मोजणारं मीटर शून्य दाखवतं. फावडं घातलं की तोच गाळ वायू सोडू लागतो. टँकरवर आग लागू नये म्हणून इनर्ट गॅस (ज्यात काही जळत नाही असा वायू) किंवा नायट्रोजन मुद्दामच भरलेला असतो, त्यात माणसासाठी काही ठेवलेलं नसतं.

ऑक्सिजन 16 टक्क्यांच्या खाली जाऊ लागला की विचार मंदावतो, आणि ज्याचा विचार मंदावला त्याला ते कळत नाही. 10 टक्क्यांच्या आसपास शुद्ध हरपते. 6 टक्क्यांच्या खाली दोन-चार श्वासांत माणूस खाली बसतो. श्वास कोंडल्यासारखं वाटेल, मग मागे फिरू, असा भरवसा ठेवू नका. घुसमट होते ती शरीरात कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे. नुसता ऑक्सिजन कमी असेल तर कार्बन डायऑक्साइड छातीतून नेहमीसारखा बाहेर पडतच असतो आणि माणसाला काही जाणवत नाही.

हायड्रोजन सल्फाइडची फसवणूक वेगळीच. थोडा असताना कुजक्या अंड्यांचा वास येतो, पण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे वायू गेला, असं समजून पुढे पाऊल टाकणारा तिथेच पडतो.

पहिला टप्पा: आत जायलाच हवं का?

टाकीची पाहणी करायची असेल तर कॅमेरा खाली सोडून भागतं का? व्हॉल्व्ह डेकवरून चालवता येतो का? पुढच्या बंदरात किनाऱ्यावरची माणसं आणि साधनं मिळणार असतील तर थांबता येतं का? साखळीचा आवाज झोपमोड करत असेल तर करू द्या. हे प्रश्न चीफ ऑफिसरने विचारायचे असतात, पण बोसनने (खलाशांच्या मुकादमाने) किंवा फिटरनेही विचारायला हरकत नाही. न उतरता झालेलं काम हे सगळ्यात चांगलं काम.

दुसरा टप्पा: जागा तोडून वेगळी करणं

उतरायच्या जागेला जोडलेले सगळे पाइप, व्हॉल्व्ह, पंप बंद करायचे, कुलूप किंवा टॅग लावायचा, आणि इंजिन कंट्रोल रूम, ब्रिज, कार्गो कंट्रोल रूम या तिन्ही ठिकाणी सांगायचं. आत माणूस असताना दुसऱ्या पाळीच्या ऑफिसरने बॅलास्ट सुरू केलं, हा अपघात अगदी साध्या निरोपाच्या अभावाने होतो. टँकरवर शेजारच्या टाक्यांमधला इनर्ट गॅस आपल्या टाकीत येत नाही ना, तेही पाहायचं.

झाकण उघडताना बाजूला उभे राहा, तोंड थेट वर आणू नका. आत दाब असू शकतो. उघडलेल्या मॅनहोलला कठडा किंवा दोर लावा. उघडं झाकण आमंत्रणासारखं असतं. कुणी सहज डोकावेल, कुणी हातातून पडलेला पाना उचलायला उतरेल. नेमणूक झालेला माणूस जागेवर नसेल तर झाकण बंद करा किंवा अडवून पाटी लावा.

तिसरा टप्पा: वारा

नैसर्गिक वाऱ्यावर विसंबून चालत नाही. ब्लोअर (हवा आत ढकलणारा पंखा) लावून हवा तळापर्यंत गेली पाहिजे, म्हणून कापडी नळी खालपर्यंत सोडा आणि हवा बाहेर पडायला दुसरं तोंड उघडं ठेवा. एकाच मॅनहोलमधून हवा सोडली तर ती तोंडाशीच घुटमळते. डबल बॉटममध्ये फ्रेमच्या आडोशाने कप्पेच कप्पे असतात, तिथे कोपरे तसेच राहतात. ब्लोअरची ओढ जिथून हवा घेते तिथे जनरेटरचा धूर किंवा कार्गो व्हेंट नाही ना, पाहा. बॅलास्ट टँक असेल तर एक जुना, चांगला उपाय आहे. टाकी पाण्याने पूर्ण भरून रिकामी करा. पाणी उतरताना ताजी हवा आपोआप आत येते. त्यानंतरही मोजणी करायचीच.

वारा देण्यासाठी सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन कधीही सोडू नका. ऑक्सिजन वाढला की कपडे, तेलकट चिंध्या, केस, सगळंच भडकायला तयार होतं.

चौथा टप्पा: मोजणी

इथे घाई होते, म्हणून इथे थांबून लिहितो.

मोजणीआधी ब्लोअर बंद करून निदान दहा मिनिटं जाऊ द्या. वारा चालू असताना घेतलेलं रीडिंग वाऱ्याचं असतं, टाकीचं नसतं. मीटर आधी मोकळ्या हवेत चालू करा. ऑक्सिजन 20.9 दाखवतो का, बाकीचे शून्यावर आहेत का, ते पाहा. त्या दिवशीची बंप टेस्ट, म्हणजे माहीत असलेला वायू देऊन अलार्म वाजतो की नाही हे बघणं, झाली पाहिजे. कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र फायलीत आहे म्हणून आज सेन्सर जिवंत आहे असं होत नाही.

मोजणी बाहेरूनच करायची. नळी सोडून तळ, मध्य आणि वर अशा तीन पातळ्यांवर, आणि शक्य तितक्या तोंडांमधून. हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, मिथेन हलका, कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच. त्यामुळे एका पातळीवरून बाकीच्यांचा अंदाज बांधता येत नाही. नळी जितकी लांब तितका नमुना मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. दर मीटरला किती सेकंद थांबायचं ते मीटरच्या पुस्तिकेत असतं. तेवढं थांबून, आकडा स्थिर झाल्यावरच लिहायचा. नळीचं टोक पाण्यात बुडवू नका, आणि नळीला चीर नाही ना, हे टोक बोटाने दाबून तपासा. चीर असली तर ती डेकवरची ताजी हवा ओढते आणि तुम्हाला सुंदर आकडे दाखवते.

क्रमही महत्त्वाचा, आधी ऑक्सिजन, मग ज्वालाग्राही वायू, मग विषारी. नेहमीच्या मीटरमधला ज्वालाग्राही वायूचा सेन्सर आतल्या आत वायू जाळून मोजतो. त्याला ऑक्सिजन लागतो. इनर्ट केलेल्या टाकीत तो शून्य दाखवेल आणि टाकी हायड्रोकार्बनने भरलेली असेल.

उतरायची परवानगी कधी? आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या 2011 च्या शिफारशींनुसार (2025 मध्ये त्या सुधारल्या गेल्या) ऑक्सिजन 21 टक्के, ज्वालाग्राही वायू त्याच्या खालच्या ज्वलनमर्यादेच्या 1 टक्क्याहून जास्त नाही, आणि विषारी वायू कामाच्या जागेसाठी ठरलेल्या मर्यादेच्या निम्म्याहून जास्त नाही. किनाऱ्यावरच्या कारखान्यांतला ‘साडेएकोणीस चालतो’ हा हिशेब काही जण जहाजावर घेऊन येतात. तो तिथेच सोडा.

का, ते आकडेमोड करून पाहा. हवेचा साधारण पाचवा हिस्सा ऑक्सिजन. कुठलातरी वायू आत शिरून त्याने हवा बाजूला सारली, आणि ऑक्सिजन 20.9 वरून 19.9 झाला, म्हणजे एक टक्का उतरला. पण त्यासाठी त्या वायूला सगळ्या हवेच्या जवळपास 5 टक्के जागा घ्यावी लागली. पाच टक्के म्हणजे 50,000 पीपीएम. तो कार्बन डायऑक्साइड असेल तर धाप लागून डोकं गरगरू लागेल. त्याहून विषारी काही असेल तर बोलायलाच नको. उलट हायड्रोजन सल्फाइड 500 पीपीएम असला, जो माणसाला आडवा करायला पुरतो, तरी ऑक्सिजनचा आकडा जेमतेम हलतो. म्हणून ऑक्सिजन किंचित कमी दिसला तर प्रश्न ‘पुरेल का’ हा नसतो, ‘तिथे आलंय काय’ हा असतो. उत्तर मिळेपर्यंत कुणी उतरायचं नाही.

1 जुलै 2016 पासून सोलास या समुद्रावरच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजावर ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजणारं मीटर असणं बंधनकारक आहे. चार वायूंचं मीटर चारच वायू ओळखतं. फॉस्फिन, बेन्झीन, कार्बन डायऑक्साइड त्याला दिसत नाहीत. मालाची कागदपत्रं वाचून वेगळी डिटेक्टर ट्यूब किंवा सेन्सर लागेल का, हे आधी ठरवायला हवं.

परमिट

परमिट, म्हणजे आत उतरायची लेखी परवानगी, हा मोजणीनंतर, मॅनहोलपाशी उभं राहून भरायचा कागद आहे. सकाळच्या चहाबरोबर ऑफिसात भरून ठेवलेल्या परमिटला काही अर्थ नाही. त्यावर जागा, काम, नावं, रीडिंग वेळेसकट, कधीपर्यंत वैध (बहुतेक कंपन्यांत आठ तासांच्या आत), आणि सह्या. जेवणाची सुट्टी झाली, ब्लोअर बंद पडला, कामाचं स्वरूप बदललं, तर पुन्हा मोजणी. खरवडणी चालली होती आणि आता रंग लावायचा आहे, म्हणजे सॉल्व्हंटची वाफ आली. ते नवं काम, नवं परमिट.

तोंडाशी उभा राहणारा

या माणसाला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. ना रंगाचे डबे द्यायला, ना वेल्डिंगच्या केबल ओढायला, ना ‘दोन मिनिटं इकडे ये’ म्हणून. त्याच्या हातात वॉकीटॉकी, शिट्टी, मीटर आणि वही. कोण किती वाजता आत गेला, किती वाजता बाहेर आला, सगळं लिहून. दर पाच मिनिटांनी, किंवा ठरेल तसं, आतून उत्तर घ्यायचं. उत्तर शब्दांत हवं, नुसती ठोठावणी नको, कारण बोलण्यातला अडखळेपणा हा हवा बिघडल्याची पहिली खूण असू शकते. पोलादी भिंतींच्या आड वॉकीटॉकी पोहोचत नाही, म्हणून काम सुरू होण्याआधी प्रत्यक्ष जागेवरून बोलून पाहा. पोहोचत नसेल तर मधे निरोप देणारा दुसरा माणूस ठेवा. दोराच्या ओढींच्या खुणा ठरवल्या असतील तर दोघांनाही एकच अर्थ माहीत आहे ना, ते विचारून घ्या. फिलिपिनो, युक्रेनियन, भारतीय अशी मिश्र मंडळी असताना हे गृहीत धरता येत नाही.

आणि मुख्य गोष्ट. उत्तर आलं नाही तर त्याने अलार्म द्यायचा, आणि आत जायचं नाही. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण तीन मीटर खाली आपल्याच केबिनचा, आपल्याच गावचा माणूस पडलेला दिसतो तेव्हा पाठांतर टिकत नाही. ती चूक भित्र्याच्या हातून होत नाही, जीव लावणाऱ्याच्या हातून होते. म्हणून टूलबॉक्स मीटिंगमध्ये, म्हणजे कामाआधीच्या छोट्या बैठकीत, हे फक्त वाचून दाखवू नका. त्या माणसाकडून बोलून घ्या. ‘मी पडलो तर तू काय करशील?’ असं उतरणाऱ्यानेच त्याला विचारावं. त्याने ‘ब्रिजला कळवीन, ब्लोअर चालू आहे ते बघीन, इथेच थांबीन’ असं म्हटलं तरच उतरावं. उतरणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने ‘तू माझ्यामागे यायचं नाहीस’ सांगितलेलं असलं तर बाहेरच्याच्या मनावरचं ओझं थोडं हलकं होतं. या जागी नवख्या मुलाऐवजी अनुभवी, थंड डोक्याचा ए.बी. (पात्र खलाशी) ठेवणं परवडत नाही असं एखादा ऑफिसर म्हणत असेल, तर त्या दिवशी टाकीत उतरायला माणसं पुरेशी नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

आत असताना

एकटं उतरू नका. अंगावर हार्नेस, प्रत्येकाच्या छातीशी चालू असलेलं मीटर. खिशात ठेवलेलं मीटर खिशातली हवा मोजतं. विजेरी स्फोटसुरक्षित हवी. गंजलेल्या शिडीच्या पायऱ्या वजन देण्याआधी तपासा. बंद जागेतले सगळेच मृत्यू हवेने होत नाहीत, पडूनही होतात. ब्लोअर काम संपेपर्यंत चालूच ठेवायचा. अलार्म वाजला, डोकं दुखलं, विचित्र गोड किंवा कुजका वास आला, ब्लोअरचा आवाज थांबला, तर हातातलं टाकून सगळ्यांनी वर यायचं. हत्यारं गोळा करायला थांबू नका. मीटर बिघडलंय का, हा वाद डेकवर घालता येतो.

कुणी पडला तर

अलार्म, ब्रिजला जागा आणि माणसांची संख्या, ब्लोअर चालू, मग बचाव पथक. पथक श्वसनसंच लावून, जोडीने, दोर बांधून उतरतं, आणि त्यांच्यासाठीही तोंडाशी माणूस लागतो. नियमाप्रमाणे संचाच्या बाटलीत निदान 1,200 लिटर हवा असते, म्हणजे साधारण अर्ध्या तासाची. पडलेल्या माणसाला ओढताना ती त्याहून लवकर संपते. हवा संपत आल्याची संचाची शिट्टी वाजली की निघायचं. ईईबीडी साधारण दहा-पंधरा मिनिटांची हवा देतो आणि तो बाहेर पळायला असतो. तो घालून आत शिरणं हा बचाव नव्हे.

डेकमधलं मॅनहोल साधारण 600 गुणिले 400 मिलिमीटरचं असतं. पाठीवर बाटली असलेला दणकट माणूस त्यातून जातो का, आणि बेशुद्ध माणूस उभा वर ओढता येतो का, हे खऱ्या वेळी शोधून काढायचं नसतं. सोलासनुसार 1 जानेवारी 2015 पासून दर दोन महिन्यांनी बंद जागेत प्रवेश आणि बचावाची कवायत करायची असते. ती डेकवर पुतळा ठेवून फोटो काढून उरकू नका. खरं तोंड निवडा (आतली हवा तपासून), तिपाई उभी करा, पुतळा खरंच खालून वर काढा. किती मिनिटं लागली ते लिहा. तो आकडा बघितला की वारा आणि मोजणीत घाई का करू नये, हे आपोआप समजतं.

काम संपल्यावर

माणसं मोजा, वहीशी ताडून. हत्यारं मोजा. मग झाकण, मग टॅग काढणं, मग तिन्ही ठिकाणी निरोप, आणि शेवटी परमिटवर बंद केल्याची सही. हा क्रम उलटा झाला तर आत राहिलेल्यावर झाकण बसू शकतं.

ट्रॉलरवाल्यांसाठी

हर्णै, मिरकरवाडा, ससून डॉक, मालिम इथल्या मासेमारी नौकांवर परमिट नाही आणि मीटरही सहसा नाही. धोका मात्र आहेच. बर्फ वितळून मासळी सडली आणि खणाच्या तळाशी (मासळी ठेवायच्या कप्प्याच्या तळाशी) घाण पाणी साचलं की हायड्रोजन सल्फाइड आणि अमोनिया तयार होतात. काही दिवस बंद राहिलेला खण साफ करायचा असेल तर झाकणं उघडून बराच वेळ वारा लागू द्या, तळाचं पाणी वरूनच पंपाने काढा, ताज्या पाण्याचा पाइप वरूनच मारा. आतला गाळ ढवळायला लगेच कुणाला पाठवू नका. चार वायूंचं छोटं मीटर मुंबईत विकत मिळतं. सोसायटीने मिळून एक घेतलं तर बंदरातल्या सगळ्या नौकांना वापरता येईल. ते नसेल आणि खणातून वास येत असेल, किंवा येत होता आणि अचानक थांबला असेल, तर तो खण त्या दिवशी बाहेरूनच धुवायचा.